डाव्या हाताचा कळफलक आणि इतर मिळकत

मी, श्रीमती लीला सदानंद चिंदरकर, वय वर्षे बहात्तर, धंदा पूर्वी टंकलेखन वर्ग चालवणे व सध्या विश्रांती (ही नोंद मुलाच्या आग्रहाखातर), राहणार मेढा, मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, लिहून ठेवते की माझे शरीर उजवीकडून बंद असले तरी डोके चारही बाजूंनी चालू आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून करीत नाही. माझ्याशी गोड बोलणारे या घरात कोणी नाही. मजकूर मी स्वतः डाव्या हाताने टंकलिखित केला आहे. शुद्धलेखनाची चूक आढळल्यास ती वकिलांनी घातली असे समजावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. धमक्या पुष्कळ दिल्या आहेत. त्या सर्व रद्द.

कलम पहिले. मेढ्यातले राहते घर, विहीर, माड आणि मागच्या अंगणातला फणस माझा मुलगा पुष्कर यास मिळावा. घर माझ्या यजमानांनी, कै. सदानंद यांनी बांधले. भिंती सरळ आहेत, जिना वाकडा आहे, कारण जिन्याच्या वेळी त्यांनी माझे ऐकले नाही. रस्त्याकडची पुढली खोली, जिथे माझा वर्ग भरत असे, ती मात्र पुष्करला इतक्यात मिळणार नाही. तिथे पर्यटकांसाठी न्याहारी व निवास सुरू करण्याचा त्याचा विचार मला ठाऊक आहे. त्या खोलीचे कलम पुढे आहे. उतावीळ होऊ नये.

कलम दुसरे. माझा फोन. चार वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. जिने तालुक्यातले निम्मे कारकून दहा बोटांनी लिहिते केले, तिच्याकडे पाच बोटे उरली, आणि तीही डावी. साध्या फोनवर एका बोटाने अक्षर शोधत बसणे मला कमीपणाचे वाटे. विद्यार्थ्याने तसे केले असते तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. तेव्हा पुष्करने पुण्याहून महागडा फोन आणला. म्हणाला, "आई, तू नुसता बोल. तो लिवता."

मी बोलले. फोनला मालवणी येत नव्हती आणि मला धड बोलता येत नव्हते. एका सकाळी मी मासेवाल्या सीतेला विचारले, "बांगडे इले काय?" फोनने लिहिले, "बंगले विकले काय?" आणि ते सीतेऐवजी आमच्या घरच्या गटावर गेले. पुष्कर मिळेल ती बस पकडून दुसऱ्या सकाळी दारात हजर. चेहरा असा की जणू मीच गेले. माझा पुतण्या सर्वेश दुपारी आला. तो एकटा नव्हता, बरोबर जागेचा दलाल होता. दोघांना चहा पाजून सगळा उलगडा करण्यात दिवस गेला, आणि बांगडे मिळाले नाहीत ते नाहीतच.

सदर फोन सर्वेशला द्यावा. दोघांचे एकमेकांशी जमेल.

कलम तिसरे. कळफलक. ही वस्तू कशी झाली ते मीच लिहून ठेवते, कारण पुढे जो तो आपापल्या परीने सांगेल.

जिभेला वळण लागावे म्हणून डॉ. प्राजक्ता यांनी मला रोज मोठ्याने वर्णमाला म्हणायला सांगितली होती. मी पडल्या पडल्या म्हणे आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताचे एकेक बोट चादरीवर टेकवी. क अंगठा, ख तर्जनी, ग मधले बोट, घ अनामिका, ङ करंगळी. बोटे संपली की वर्गही संपे. मग च वर्ग, पुन्हा अंगठ्यापासून. असे कितीतरी दिवस केल्यावर एकदा प वर्गातल्या म वर करंगळी टेकली आणि मी थांबले. पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरे, हाताला पाच बोटे. म्हणजे पाच कळा पुरतात! पहिल्या दाबाला वर्ग ठरवायचा, दुसऱ्या दाबाला त्यातले अक्षर. अंगठा दोनदा म्हणजे क, करंगळी दोनदा म्हणजे म. आयुष्यभर मी पोरांना सत्तेचाळीस कळा घोकायला लावल्या, आणि इथे सगळा कारभार मुठीत मावत होता. मी मोठ्याने ओरडले. शेजारच्यांना वाटले, दुसरा झटका आला.

बाजारपेठेत मिक्सर, पंखे आणि रिमोट दुरुस्त करणारा गणपत धुरी हा माझा जुना विद्यार्थी. माझ्या वर्गातल्या परीक्षेत तीनदा नापास. त्याला बोलावून मी कागदावर हाताचे चित्र काढून दाखवले. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "बाई, पेटी वाजवची आसा काय?" पण घेऊन गेला. आठवड्याने एक साबणाची डबी घेऊन आला. त्यात कंप्युटरच्या मोडक्या माउसांतली बटणे बसवली होती. बोटांखाली पाच आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या गादीखाली सहावे. हे सहावे एकदा दाबले की काना. त्यालाच बोटांची जोड दिली की बाकीच्या मात्रा, स्वर आणि य-र-ल-व वगैरे उरलेली मंडळी.

यानंतर आमचे भांडण झाले. त वर्ग क्रमाने अनामिकेवर येतो. गणपतचे म्हणणे, मराठीत त आणि न शिवाय पान हलत नाही, आणि अनामिका हे हातातले सर्वांत आळशी बोट.

"बाई, ह्या बोटाक एवढो मोठो वर्ग कित्याक देतास?"

मी पाटीवर लिहून दाखवले, "आळशाक काम दिल्याशिवाय तो सुधारतलो कसो?"

"माका तीनदा नापास केलास. मी सुधारलंय?"

मी त्याला घरी पाठवले. वर्णमालेचा क्रम मी मोडू दिला नाही. अनामिका दोन महिने दुखली आणि मग मुकाट कामाला लागली.

कळ दाबल्यावर फोनमध्ये अक्षर उमटावे म्हणून लागणारा प्रोग्रॅम पुष्करने पुण्यात बसून लिहिला. झटक्यानंतर त्याचे रोजचे फोन एकाच धाटणीचे असत. तो ओरडून विचारी, "आई! जेवलंस? गोळी घेतलंस?" आणि मी घशातून आवाज काढी. डबी जोडली त्या दिवशी मी त्याला पहिले वाक्य पाठवले. ते लिहायला मला पाऊण तास लागला. ते असे, "पुष्कर, मोठ्यान बोला नको. माझो हात गेलो आसा, कान नाय."

 मग त्याचा फोन आला. तो हळू आवाजात बोलत होता आणि रडत होता. मी त्याला लिहिले की तुझ्या प्रोग्रॅममध्ये ळ उमटत नाही, आधी तो दुरुस्त कर. तेव्हापासून आम्ही रोज भांडतो. झटक्याच्या आधी आमचे इतके बोलणे होत नव्हते.

कलम चौथे. साबणाची डबी आणि सर्वेश. पक्का कळफलक सावंतवाडीच्या खेळणी करणाऱ्याकडून फणसाच्या लाकडात कोरून घेतला. जुनी डबी कपाटात पडली होती. सर्वेश म्हणाला, "काकी, बघूक नेतंय." नेली. पुढे गणपतने मला एक पत्रक आणून दाखवले. सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे ओरोसला, नवउद्योजकांचा मेळावा, त्यात एका हाताचा मराठी कळफलक, संकल्पना व निर्मिती सर्वेश चिंदरकर.

गणपतने दुकान बंद केले, मला रिक्षात घातले आणि आम्ही ओरोस गाठले. तिसऱ्या रांगेत बसलो. प्रमुख पाहुणे एका पतसंस्थेचे अध्यक्ष होते. त्यांना सगळे दादा म्हणतात. ते म्हणाले, "लिव बघूया माझा नाव." सर्वेशने आपला उजवा हात डबीवर ठेवला.

डबी डाव्या हाताची आहे. उजवा हात ठेवला की अंगठ्याच्या जागी करंगळी येते आणि सगळी बोटे उलटी पडतात. मधले बोट आणि गादीखालची कळ तेवढी जागच्या जागी राहते. सर्वेशने 'दादा' लिहिले. अनामिकेच्या जागी तर्जनी पडली, त वर्गाचा च वर्ग झाला, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरे आली, 'जाजा'.

लोक हसले. सर्वेशने ते पुसले आणि पुन्हा लिहिले. 'जाजा'. त्याला घाम फुटला. त्याने घाईघाईने तिसऱ्यांदा लिहिले, आणि आधीचे पुसायला विसरला. 'जाजा जाजा'.

दादा उठले. "जातंय, जातंय! लिवन कित्याक सांगतंस?"

मी गणपतच्या खांद्याला धरून मंचावर चढले, डबी पुढे ओढली, डावा हात ठेवला आणि लिहिले, 'दादा, बसा.' ते बसले. टाळ्या झाल्या. सर्वेशने मला खुर्ची दिली आणि पुढचा पाऊण तास आपले नाव छापलेल्या मागच्या फलकाला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे त्याच्या नावावर त्याचीच पाठ आली. परतताना रिक्षापर्यंत आला. म्हणाला, "काकी, माका वाटला तुमका ह्या वयात मेळावे-बिळावे झेपाचे नाय." मी लिहिले, "विचारलं असतंस तर झेपवले असते." तो वाईट नाही. त्याला विचारायची सवय नाही.

सबब, साबणाची डबी सर्वेशला द्यावी व ती त्याने डाव्या हाताने वापरावी. वर्गातले पाच जुने टाइपरायटरही त्यालाच. ते फार जड आहेत. हमाल न लावता स्वतः उचलून न्यावेत.

कलम पाचवे. माझ्या पाटल्या सूनबाई श्रिया हिला. डाव्या हातातल्या पाटल्या कळफलकावर आपटत. तिने न विचारता साबणाचे पाणी आणून त्या उतरवल्या आणि म्हणाली, "आता लिहा." मला 'विश्रांती घ्या' असे न म्हणणारी घरात ती एकटीच.

कलम सहावे. फणसाच्या लाकडाचा कळफलक आणि पुढली खोली. त्या मेळाव्यात मागे अक्षया नावाची बाई बसली होती. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजूच्या कारखान्यात कामाला होती. यंत्रात उजव्या हाताची तीन बोटे गेली, मग कामही गेले. पुढच्याच आठवड्यात ती एसटीने माझ्या दारात आली. हात पदराखाली होता. मला वाटले, नोकरी मिळेल का असे विचारील. तिने विचारले, "बाई, ह्येच्यार मालवणीत लिवक येता?"

मी लिहून दाखवले, "तुका येता तर तेका येता."

ती हसली, आणि मग तिने हात पदराबाहेर काढला.

आता ती तालुका कचेरीबाहेर टेबल टाकून गणपतने करून दिलेल्या दुसऱ्या डबीवर लोकांचे अर्ज लिहून देते. दर रविवारी माझ्याकडे सरावाला येते आणि जाताना विचारते, "बाई, आता तरी तुमच्यावांगडा इलंय?" माझ्या बरोबरीला अजून आली नाहीस, अशी मी मान हलवते. वस्तुस्थिती अशी की गेल्या दिवाळीपासून ती वेगात माझ्या पुढे आहे. हे मी तिला सांगितलेले नाही आणि जिवंतपणी सांगणारही नाही. हे कलम वाचले जाईल तेव्हा तिला कळेल, आणि तिच्याकडे परतीची शर्यत मागायला मी नसेन. तिने त्याबद्दल चिडावे, पण सराव सोडू नये.

पक्का कळफलक अक्षयाला मिळावा. पुढल्या खोलीत तिने ज्यांना एकच हात चालतो अशा कोणालाही शिकवावे. ती शिकवील तितकी वर्षे खोली तिच्या ताब्यात राहील. पुष्करने मे महिन्यात आल्यावर तिथे झोपण्यास हरकत नाही, मात्र वर्ग भरण्यापूर्वी अंथरूण गुंडाळावे.

कलम सातवे. कळफलकाची रचना. ती विकत घेण्यासाठी पुण्याहून एक गृहस्थ आले होते. सोलकढी पिऊन झाल्यावर म्हणाले, "रचना छानच आहे. फक्त ही वर्णमाला काढून इंग्रजी घालू." मी त्यांना आणखी एक वाटी सोलकढी दिली आणि बसची वेळ सांगितली. रचना कोणा एकाची मिळकत नाही. पुष्करने ती आराखड्यासह सर्वांसाठी खुली करून ठेवली आहे. कोणीही करावी, वापरावी, सुधारावी. मात्र एकट्याचे नाव लावू नये.

कलम आठवे. रद्द.

ते का रद्द झाले ते सांगणे भाग आहे. त्यात मी वर्गातले भिंतीवरचे घड्याळ, शिसवी टेबल आणि माझी आरामखुर्ची गणपतला लिहून दिली होती. आज सह्यांसाठी सगळे जमल्यावर देवेश वकिलांनी ते वाचले आणि म्हणाले, "बाई, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये. गणपतरावांनी दोन्हीपैकी एक निवडावं."

गणपत म्हणाला, "माका कायएक नको. माका सही करूची आसा."

मी लिहिले, "गाढवा, शिसवी टेबल आसा ता."

"आसांदे. बाई, तुमी माझ्या कागदार आजपर्यंत तीन सह्यो केलास, तिनय नापासाच्यो. आज माझी सही तुमच्या कागदार होतली. टेबल घेवन काय करू?"

वकील खिडकीबाहेर बघू लागले. मी कलम खोडले. टेबल, घड्याळ आणि खुर्ची आता पुष्करकडे जातील. गणपतने वाटेल तेव्हा येऊन त्या खुर्चीत बसावे. पुष्करने त्याला उठवू नये, चहा द्यावा.

या मृत्युपत्राचा अंमल पुष्करने करावा. माझ्यामागे कोणी वाद घालू नये. घालायचाच असेल तर मी आहे तोवर या, मलाही उत्तर देता येईल.

वरील मजकूर मी वाचला, समजला आणि दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. खालील साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

स्थळ : मेढा, मालवण
दिनांक : २० ऑगस्ट २०२४

(सही, डाव्या हाताने)
लीला सदानंद चिंदरकर

साक्षीदार १ : डॉ. प्राजक्ता परुळेकर, मालवण. मी श्रीमती चिंदरकर यांना आज तपासले. स्मरणशक्ती पाहण्यासाठी वर्णमाला म्हणायला सांगितली असता त्यांनी ती उलटीकडून म्हटली. आवाज बराच स्पष्ट झाला आहे. (सही)

साक्षीदार २ : मी, गणपत शिवा धुरी, धंदा विद्युत दुरुस्ती, बाजारपेठ, मालवण. बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. हे लिहिताना मी 'शुद्धीत' हा शब्द 'शुध्दित' असा लिहिला होता. बाईंनी तो खोडायला लावून माझ्याकडून पाच वेळा लिहून घेतला. सबब त्या पूर्ण शुद्धीत आहेत. (सही)