रांगेचं चित्र

सोमवार, ४ मार्च

रांगच! शेवटी माझंच चाललं. साहेब म्हणत होते, "साधा तक्ता द्या ना, नाव आणि तारीख." मी हटून बसलो. डोळ्यांच्या इस्पितळाच्या प्रतीक्षायादीचं काम आहे, दान केलेल्या बुबुळाची वाट बघणारी माणसं आहेत ती. तक्त्यात माणूस दिसतो का कधी? म्हणून संगणकाच्या पडद्यावर बोटभर माणसं काढली, एकामागे एक. बुबुळ आलं की पहिला माणूस दारातून आत, बाकीचे एक पाऊल पुढे. नोंदणीच्या बाईंना काही शिकवावंच लागलं नाही. बघितलं न् म्हणाल्या, "अय्या, रांग आहे होय! मग कळलं की." मी आत्ता हवेत आहे.

त्या रांगेत ताईपण आहे. तिचं नाव मी हे काम घ्यायच्या आधीपासूनचं, साहेबांच्या कानावर घातलंय. शाळेची व्हॅन चालवायची ती, आता समोरच्याचं नाक दिसत नाही तिला. माणसं आवाजावरून ओळखते आणि वर मलाच म्हणते, "जाड झालायस."

बुधवार, १३ मार्च

ताई दुसरी. बाईंनी फोनवर सांगितलं, "तुम्ही एक पाऊल पुढे सरकलात." तिने ते मला तीनदा ऐकवलं. पाऊल हा शब्द चित्रातून थेट बाईंच्या तोंडात गेला, असं काही झालं की मला फार बरं वाटतं.

शुक्रवार, १५ मार्च

ताई पहिली! पुढचे आजोबा कुठे गेले कुणास ठाऊक. मला काय त्याचं.

सोमवार, १८ मार्च

कळलं कुठे गेले ते. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. ताप भरला, इतक्यात शस्त्रक्रिया नको म्हणून घरी पाठवलं. आता ठणठणीत होऊन आलेत आणि पडद्यावर सगळ्यांच्या मागे, अगदी शेपटाला उभे!

मी बाईंना विचारलं, हे कसं? आजारी माणसाची जागा राखायची, हा इस्पितळाचाच नियम. त्यासाठी मी बटणही दिलंय, त्यावर 'तात्पुरतं थांबवा' असं ठसठशीत लिहिलंय.

"अहो, ते रांग सोडून गेले," बाई म्हणाल्या. "परत आल्यावर मागे नको उभं राहायला? बाकीचे बोंब मारतील."

कोण बाकीचे? माझी बोटभर माणसं?

हसू आलं, पण अर्ध्यातच थांबलं. पूर्वी वही होती तेव्हा याच बाई आजारी माणसाच्या नावापुढे पेन्सिलने टिंब देऊन ठेवायच्या. बाई त्याच, नियमही तोच. बदललं काय, तर माझं चित्र.

मंगळवार, १९ मार्च

दिवसभर हेच डोक्यात. मला वाटायचं, ओळखीची वस्तू दाखवली की नवं काम सोपं होतं, बस्स. पण ओळखीची वस्तू एकटी येत नाही, सगळं बिऱ्हाड घेऊन येते. रांग म्हटलं की घुसखोरी आली, हक्क आला, 'सुटली ती जागा गेली' आलं. यातली एकही ओळ मी लिहिली नव्हती. माणसांनी ती चित्रातून आपोआप वाचली, आणि मी मात्र शाबासकी घेत फिरत होतो!

उपाय सापडलाय. रांग पुसायची आणि प्रतीक्षालय दाखवायचं. खोलीभर खुर्च्या, प्रत्येकाची एक. माणूस आजारी पडून घरी गेला तर खुर्चीवर त्याची पिशवी. पिशवी ठेवलेल्या खुर्चीवर कोण बसतो? क्रम आत यंत्र सांभाळेल, बुबुळ आलं की ज्याची पाळी त्याची खुर्ची उजळेल. दोन दिवसांचं काम.

आणि ते केलं की आजोबा पुन्हा पहिले, ताई दुसरी.

बुबुळ उद्याही येऊ शकतं. मी चार दिवस रेंगाळत काम केलं तर कोण विचारणार आहे? लिहिलं एकदाचं. माझीच लाज वाटतेय.

बुधवार, २० मार्च

राहवेना. ऑफिसला जायच्या आधी ताईकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"हे विचारायला आलास? वेडा आहेस का? त्यांची जागा त्यांना दे."

"ताई, तुझी पाळी..."

"धाकट्या, कामाला जा."

मग नळाकडे वळली. धुतलेली कपबशी पुन्हा विसळत राहिली. मी तिथून थेट ऑफिसात आलो आणि आजोबांचं नाव आधी जागेवर आणवलं. मग खुर्च्या काढायला बसलो.

शनिवार, २३ मार्च

काल खुर्च्या सुरू झाल्या. आज बुबुळ आलं.

आजोबांना बोलावणं गेलं. मी डबाही उघडला नाही.

गुरुवार, २८ मार्च

आजोबांची पट्टी निघाली. म्हणे भिंतीवरचं घड्याळ बघून पहिलं वाक्य बोलले, "हे मागे पडतंय." सगळं इस्पितळ हसलं. बाईंनी एका तापाच्या पेशंटच्या खुर्चीवर न सांगता पिशवी ठेवली. साहेब म्हणाले, हे चित्र आता दुसऱ्या इस्पितळांनाही दाखवू. चला, जमलं! चित्र चुकलं होतं, चित्र सुधारलं. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

शुक्रवार, २९ मार्च

ताईचा फोन. तिने आपला नंबर विचारायला इस्पितळात फोन केला होता. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आता नंबर नसतो हो, तुमची खुर्ची आहे."

"खरं का रे?"

"हो ताई. तुझी जागा पक्की आहे. कुणी घेऊ शकत नाही."

ताई म्हणाली, "पण खुर्ची पुढे सरकत नाही रे."