विल्फकाकांच्या लीकवरचे उपकार

प्रिय जनीन,

परवा फोनवर तू म्हणालीस, "लोर्ना, बाबांचा बागेतला तुकडा सोडायचा आहे. अर्ज पाठव, मी त्यांची सही घेते आणि एकदाचं संपवून टाकू." मी 'हो' म्हणाले. बागसमितीची चिटणीस दुसरं काय म्हणणार? तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तूर्त तिथेच राहणार आहे. आधी हे पत्र पूर्ण वाच, मग काय रागवायचं ते रागव. शाळेत असल्यापासून तू आधी रागावतेस आणि मग वाचतेस, म्हणून ही पूर्वसूचना.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. जुलैत विल्फकाका तिथेच, लीकच्या चराशेजारी पडले. खुबा मोडलेला, तोंड मातीत. मेव्हिस कोंबड्यांना दाणे टाकायला आली नसती तर ते तसेच पडून राहिले असते. त्यांना ब्रिस्टलला तुझ्या घरी नेताना तू फाटकाशी उभी राहून म्हणालीस, "ह्या बागेनं आईच्या वाट्याचा नवरा खाल्ला, आता माझ्या वाट्याचा बाप खाणार." आम्ही सगळे बुटांकडे बघत उभे होतो. खोटं काय होतं त्यात? कांद्याच्या कुळातल्या त्या एका भाजीपायी आपल्या गावात बारशी पुढे ढकलली गेली आहेत. तुझ्या तिकडच्या दुकानात बोटाएवढ्या काड्या लीक म्हणून विकतात. इथे मनगटाहून बारीक लीक निघाली तर माणूस मागच्या वाटेने घरी जातो.

आता इथली बातमी. गावाने तुकडे पाडून वाटून दिलेल्या आपल्या बागेत भाज्यांपेक्षा नियमांचं पीक जोरात आहे, आणि त्यातलं निम्मं माझ्या हातचं, हे मी अभिमानानेच सांगते. दोन तुकड्यांमधली पायवाट किती रुंद, शेकोटी कधी पेटवायची, कोंबडी चालेल पण कोंबडा चालणार नाही. सध्या मेव्हिसची 'डचेस' नावाची कोंबडी पहाटे बांग देते. मी विचारायला गेले तर म्हणते, "घसा बसलाय गं बिचारीचा." समितीने घसा सुधारण्याची वाट पाहायचं ठरवलं आहे. पण सगळ्यांत कडक नियम कुठल्याच पुस्तिकेत नाही. दुसऱ्याच्या लीकच्या चराला हात लावायचा नाही. हात सोड, वाकून बघायचंही नाही. दर वर्षीच्या लीक-प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बक्षिसापायी लोकांची लीक कापली जायची, ते दिवस आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिले होते. गावातल्या कोळशाच्या खाणी बंद झाल्या, तो दरारा मात्र उरला. इथे माणूस तुला घराची किल्ली देईल, पण लीकला काय खत घालतो ते बायकोलाही सांगणार नाही.

तर विल्फकाका तुझ्याकडे ब्रिस्टलला गेले आणि इथे ऊन तापलं. त्यांची लीक यंदा अशी काही धरली होती की कथबर्ट ट्यूलिप तिकडून जाताना टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचा. दर वर्षी पहिल्या बक्षिसासाठी काकांशी भांडणारा माणूस तो, त्याला बघवणार कसं? मी मनाशी म्हटलं, आपण गुपचूप पाणी घालावं. कामावर जाण्याआधी झारी घेऊन जायचे आणि चोरासारखी परत यायचे. काही दिवसांनी पाती पिवळी पडू लागली. मला वाटलं, ऊन फार आहे. मी झारी वाढवली.

एका सकाळी मला उशीर झाला, मेव्हिस लवकर आली आणि कथबर्टला झोप लागली नव्हती. तिघेही चरापाशी एकमेकांवर आदळलो, तिघांच्या हातात झाऱ्या. मेव्हिस रोज दुपारी यायची, जुन्या पायमोज्यात मेंढीच्या लेंड्या बांधून भिजवलेलं पाणी घेऊन. आणि कथबर्ट, टोपी डोळ्यांवर ओढणारा कथबर्ट, रोज संध्याकाळी आपलं ते गुप्त पेय ओतायचा. त्याला अर्धा दारूच्या गुत्त्याचा आणि अर्धा खाटकाच्या दुकानाचा वास येतो.

"तू रे काय करतोयस इथे?" मेव्हिसने विचारलं.

"वाट चुकलो," कथबर्ट म्हणाला.

"भरलेली झारी घेऊन?"

"तू नाही आलीस भरलेली घेऊन? आणि ह्या चिटणीसबाई! बाई, दुसऱ्याच्या चरात पाय घातला तर काय शिक्षा आहे तुमच्या पुस्तकात?"

मी खाली बघितलं. चरात माती नव्हतीच गं, रस्सा होता. लीक त्यात गळ्यापर्यंत बुडाली होती. कथबर्टने एक उपटली, वास घेतला आणि म्हणाला, "शत्रूनं केलं नसतं ते आपण केलं."

पुढचं ऐक. जगल्यावाचलेल्या लीकांतली एक जोडी तरी प्रदर्शनात काकांच्या नावाने मांडावी, असं मेव्हिसने काढलं. पण तिथला नियम असा की लीक ज्याने त्याने स्वतःच वाढवलेली हवी, दुसऱ्याची मदत झाली तर बाद. शेजारच्या गावचे परीक्षक आले होते, चेहरा असा की हसू त्यांनी घरी कुलपात ठेवलेलं. त्यांनी विचारलं, "ह्यांना कोणी मदत केली आहे का?" कथबर्ट उठला. "साहेब, मदत केली असती तर बाद करा. आम्ही तिघांनी मिळून निव्वळ नुकसान केलंय. नुकसान करायला बंदी आहे, असा नियम दाखवा." परीक्षकांनी पुस्तिका उलटसुलट चाळली आणि जोडी मांडू दिली. ती शेवटून पहिली आली.

ते कळवायला कथबर्टने तुझ्याकडे फोन केला. तू कामावर होतीस. फोन काकांनी घेतला. तू सांगतेस ना, खिडकीपाशी बसून असतात, दिवसभर तोंड उघडत नाहीत? त्या दिवशी उघडलं! कथबर्टने फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी मला अक्षरन् अक्षर ऐकू येत होतं. "मूर्खांनो, लीक आहे ती, बदक नव्हे!" बरीच शिवीगाळ झाल्यावर ते दमले आणि मग हळूच म्हणाले, "कथबर्ट, राहिलेल्यांतली सगळ्यांत बरी एक जमिनीतच ठेव. पाणी घालू नकोस, बापाची शपथ आहे तुला. तिला फुलू दे. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या डोक्यावर, फुलोऱ्यात, रोपांची पिल्लं येतील, ती त्याच्या पुढच्या साली लावू." जनीन, चालायला वॉकर लागणारा म्हातारा दोन वर्षांपुढची लावणी सांगत होता. कथबर्टने फोन ठेवला आणि नाक शिंकरायला कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेला.

पण तुकडा पडीक राहिला तर मला नोटीस काढावी लागते, आणि दुसऱ्याने परस्पर कसलेला चालत नाही. हाही नियम माझाच, आणि तो चांगला आहे. फाटकाबाहेर एका चौकोनभर मातीसाठी वर्षानुवर्षं थांबलेली माणसं आहेत. विल्फकाकांसाठी मी तो वाकवणार नाही. मात्र जोडधारक घेता येतो: एका तुकड्यावर दोन नावं, दोघांचा सारखा हक्क, एकाला झेपलं नाही तर दुसऱ्याने कसायचं. अट एवढीच की जोडधारकाच्या नावावर बागेत दुसरा तुकडा नको. सोमवारी मी माझा सोडला. आईने लावलेल्या गूजबेरीच्या झुडपांसकट तो एका तरुण जोडप्याला मिळाला. ती मुलगी झुडपांना हात लावून लावून बघत होती, म्हणून मी फार वेळ तिथे थांबले नाही. काका आले तर बाकावर बसून मला शिव्या देतील, कुदळ मी धरीन. मेव्हिस आपली जुनी आरामखुर्ची द्यायला तयार आहे, आणि त्यांना एकटं सोडायचं नाही अशी पाळी आम्ही तिघांनी लावून घेतली आहे. नाही आले, तर ती एक लीक फुलेपर्यंत मी तुकडा राखीन. काहीही झालं तरी त्यांना 'आता संपलं' असं सांगावं लागू नये. तू मागितलेला अर्ज ह्या पाकिटात नाही, जोडधारकाचा आहे. माझी सही केली आहे. नियमाप्रमाणे दुसरी सही फक्त त्यांची लागते, तुझी कुठेच नाही. तरी पेन त्यांच्या हातात तू द्यावंस, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं.

तुझीच,
लोर्ना