चारशे बारा काळे फोटो

४ जानेवारी

आज पुन्हा त्याचा फोन. "कॅमेरा तेवढा दे." तेवढा! मी म्हटलं, आधी घटस्फोटाच्या कागदांवर सही कर, मग कॅमेरा ने, स्टँड ने, ती तुझी भोकं पडलेली लोकरी टोपीही ने. तर त्याचं तेच तुणतुणं — "सगळ्यांसमोर जे बोललीस ते सगळ्यांसमोर मागे घे. मग म्हणशील तिथे सही करतो."

मागे घे म्हणे! जीभ झडली तरी घेणार नाही. पाच वर्षं दर अमावास्येला हा माणूस "तारे टिपायला टेकडीवर जातो" म्हणून रात्रभर गायब. आणि बॅगेत सापडलं काय? कॅमेऱ्याचं एक कार्ड. त्यात चारशे बारा फोटो, आणि एकूण एक काळेठार! लेन्सचं झाकणच काढलेलं नव्हतं. मी माझ्या दादाला बोलावलं, वन्संना बोलावलं — त्याची सख्खी थोरली बहीण, कळू दे तिलाही — आणि त्याच्यासमोर एकेक फोटो टीव्हीवर लावला. दादा इतका हसला की ठसका लागला. "झाकण काढायलाही सवड मिळाली नाही का हो?" वन्संनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्याच्या ऑफिसातली ती लाल स्कूटरवाली — त्या रात्री तू तिच्याकडे असतोस, हेही मी तिथेच सांगून टाकलं.

आणि हा म्हणतो, "हे फोटो झाकण लावूनच काढतात." थाप तरी धड मारावी!

त्याला भाड्याच्या खोलीत जाऊन चार महिने झाले. सही मात्र नाही.

५ जानेवारी

कॅमेरा नुसता पडून का राहू द्यायचा? मीच काढते ताऱ्यांचे फोटो! हॉलमधले त्याचे दोन मी तेव्हाच उतरवलेत, खिळे तसेच आहेत. त्याच खिळ्याला माझा टांगणार. मला म्हणायचा, "तुला दम धरवत नाही." बघूच.

८ जानेवारी

गच्ची. दोन तास. तीस फोटो. तारे म्हणून जे काही आलंय ते सांडलेल्या साबुदाण्यासारखं दिसतंय. दिवसभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजणारी बाई मी, आणि मला फोकस जमत नाही! लेन्सवर 'अनंत'ची खूण आहे, रिंग बरोबर तिथे नेली होती. कंपनीवाले खोटारडे.

९ जानेवारी

सर्दी. तीही त्याच्यामुळेच.

११ जानेवारी

कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हातारा वर न बघता बोलतो. "बाई, ती खूण तुमच्या समाधानासाठी छापलेली असते." ठळक तारा पडद्यावर मोठा करून बघायचा, रिंग केसाएवढी फिरवायची, ठिपका सगळ्यात बारीक झाला की हात काढायचा. स्टँडवर असताना थरथर थोपवायचं बटण बंद. "हे पहिल्या दिवशी शिकायचं असतं," म्हणाला. मग विचारतो, "घरात कोणी काढत नव्हतं का?"

"नाही," म्हटलं.

१४ जानेवारी

ठिपके ठिपक्यांसारखे आले! पण दर फोटोत उजवीकडे पिवळा उजेड. समोरच्या गच्चीवरचा दिवा. गेले, बेल वाजवली. समोरचा बँकवाला बनियनवरच आला. "आकाश काय तुमच्या बापाचं आहे का?" मी म्हटलं, आकाश नाही, पण दिवा तुमच्या बापाचा आहे ना, मग विझवा! दार आपटलं मेल्याने. वर येऊन बघते तर लेन्सवर दव. मीही आमचं गच्चीचं दार आपटलं.

१८ जानेवारी

अमावास्या. दादाला गाडीसकट ओढत टेकडीवर नेलं. "तुला वेड लागलंय का गं?" असं तीनदा म्हणून तो काच वर करून घोरत पडला. थंडी अशी की बोटांना बटण कळेना. शेवटी तीच भोकं पडलेली टोपी घातली.

पंचवीस सेकंद. मग पडद्यावर मृग उमटला. साध्या डोळ्यांना न दिसलेले तारेही त्याच्यामागे आले, पसाभर, ओंजळभर, मोजता येईनात. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. कोणालातरी सांगावंसं वाटलं. दादाला हलवलं, तर म्हणाला, "आता निघायचं?"

१९ जानेवारी

संगणकावर मोठा करून बघितला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. काळ्या आकाशात जागोजाग लाल-निळे ठिपके! डावीकडे खाली तर तीन लाल, त्रिकोणात, प्रत्येक फोटोत त्याच जागी. तारे सरकतात, हे हलत नाहीत. कॅमेराच बिघडलेला! बिघडलेला कॅमेरा परत दे म्हणून चार महिने माझं डोकं खातोय हा माणूस!

२० जानेवारी

दुरुस्तीवाल्यासमोर कॅमेरा आपटलाच जवळजवळ. त्याने फोटो बघितला. "काही बिघडलेलं नाही. जुन्या कॅमेऱ्यात असे ठिपके येतातच. झाकण लावून काढले का?"

मी म्हटलं, काय?

"काम संपलं की झाकण लावायचं. तितक्याच सेकंदांचे वीस-पंचवीस फोटो काढायचे. काळ्या फोटोत नुसते हे ठिपके येतात, मग संगणक ते चांगल्या फोटोतून वजा करतो. आणि तिथेच काढायचे, त्याच थंडीत. घरी पंख्याखाली बसून काढलेले उपयोगाचे नाहीत."

"असं सगळे करतात?"

"सगळे कशाला करतील? ज्याला खरंच नाद असतो तो करतो. कुडकुडत आणखी अर्धा तास कोण थांबतंय!" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?"

रात्री

कार्ड काढलं. चारशे बारा. एक फोटो उजळ करत नेला. डावीकडे खाली तीन लाल ठिपके, त्रिकोणात.

फोटोच्या माहितीत सगळं लिहिलेलं असतं. तारीख, वेळ, सेकंद, कॅमेऱ्याचं तापमानसुद्धा. पहाटे तीन वाजून बावीस मिनिटं. पंचवीस सेकंद. नऊ अंश. आमच्या घरात कधी नऊ अंश नसतात. कोणाच्याच घरात नसतात.

सतरा अमावास्या मोजल्या. मग मोजवेना.

२१ जानेवारी

रोज सकाळी नमुने लावायच्या आधी यंत्रात कोरी नळी मीच घालते. रक्त नसलेली, नुसत्या द्रावणाची. तिचा आकडा वजा केल्याशिवाय कोणाचाही रिपोर्ट खरा येत नाही. तेवीस वर्षं घालतेय. आज हातात धरून उभी राहिले. मदतनीस म्हणाली, "बाई, काय झालं?" तिच्यावरच खेकसले.

२४ जानेवारी

नसेल गेला स्कूटरवालीकडे. पण मग नीट समजावून सांगायचं नाही का? एक वाक्य बोलून गप्प बसला! भांडायचं, ओरडायचं, टीव्ही बंद करायचा!

सांगितलं होतं. दादा हसत होता. मीही.

२८ जानेवारी

दादाला फोन केला. "आता कशाला उकरतेस? सुटलीस ना?" मी म्हटलं, रविवारी यायचं, आणि हसायचं नाही. वन्संना फोन केला, त्यांनाही बोलावलं. त्याला फोन केला. म्हटलं, कॅमेरा घेऊन जा, काही बोलायचंय. "येतो," म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला तेच बरं वाटलं.

३१ जानेवारी

टोपी धुतली. भोकं रफू केली. त्याचे दोन्ही फोटो त्यांच्या खिळ्यांना परत लावले. माझा मृग खाली ठेवलाय टेबलावर, ठिपक्यांसकट. ठिपके कसे काढायचे ते त्यालाच विचारीन. सहीचे कागद कपाटात, खाली, चादरींच्या खाली.

१ फेब्रुवारी

तीच खोली, तोच टीव्ही, तीच माणसं. मी बोलले. काळे फोटो लावून एकेक समजावलं, स्कूटरवालीबद्दलचंही मागे घेतलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. वन्सं रडल्या. तो म्हणाला, "बास. पुरे."

चहा ठेवायला आत गेले. त्याच्या कपात अर्धाच चमचा साखर, हाताला अजून माहीत होतं. ट्रे घेऊन बाहेर आले. त्याने स्वतःच्या पिशवीतून सहीच्या कागदांची त्याची प्रत काढून मांडीवर उघडली होती.

"पेन आहे का?" म्हणाला.