बाबांचं स्वाइप ट्रेनिंग

३ मार्च
बाबांचा बटणवाला ई-रीडर एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. टचस्क्रीनचा आणला. कोरा करकरीत. बाबा म्हणाले, अरे, माझं पुस्तक अर्ध्यावर होतं. बायको म्हणाली, त्यांना विचारायचं तरी. सरप्राइज काय विचारून देतात?

५ मार्च, सकाळी ८
बाबांची कुरकुर. पान उलटत नाही. डायबिटीसने बोटांची टोकं बधिर झालीत म्हणे. सबबी! मी ऑफिसात लोकांना नवी सॉफ्टवेअर शिकवतो, असे नग रोज बघतो. उद्यापासून चहाआधी पन्नास स्वाइप. स्टॉपवॉच घेऊन मी स्वतः बसणार.

८ मार्च
पन्नासात चार. एकदा सात पानं एकदम पळाली, ती धरली नाहीत. चहा गार झाला. बाबांच्या डोळ्यांत पाणी. स्क्रीनचा उजेड लागत असणार. ब्राइटनेस कमी केला.

१४ मार्च
कमाल! दार लोटलं तर बाबा नाकाने पान उलटत होते. चष्मा काढायचा, वाकायचं, नाक टेकवायचं, चष्मा लावायचा, वाचायचं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही जिद्द! कुणाचं ट्रेनिंग? गुपचूप व्हिडिओ काढला.

१५ मार्च
ऑफिसात मोठ्या पडद्यावर दाखवला. लोक पोट धरधरून हसले. साहेबांनी वन्स मोअर दिला. फॅमिली ग्रुपवरही टाकला. अभिमान वाटावा म्हणून बाबांना सगळं दाखवलं, हॉलमधल्या हशासकट. शेवटपर्यंत बघितलं त्यांनी. म्हणाले, बरीच माणसं आहेत रे तुझ्या ऑफिसात.

१६ मार्च
स्वाइप शून्य. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. डोळ्यांना विश्रांती हवीच.

१८ मार्च
ताई आली. बाबांची बॅग भरली. बाबा कधीच चपला घालून दारात उभे. म्हटलं, रीडर राहिला. म्हणाले, तू वाच. चार दिवसांत कंटाळून येतील.

२ एप्रिल
मीच फोन केला. कुणीतरी मोठेपणा दाखवायला हवा. ताईने बटणवाला घेऊन दिलाय त्यांना. लाडावून ठेवते. बाबांना विचारलं, रविवारी न्यायला येऊ? म्हणाले, थांब, एवढं पान होऊ दे. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. थांबलो. टक. जरा वेळाने, टक. हॅलो म्हटलं. बाबा म्हटलं. टक.

अर्ध्या तासाने मीच फोन ठेवला. त्यांच्या लक्षात आलं नसावं.