बारापेक्षा लहान अठ्ठावीस

११ जानेवारी, रविवार

खांदा पुन्हा काळा पडला. शर्ट काढताना फ्लोराने पाहिलंच. "आता एकदा जरी काळं दिसलं ना, तर चकत्या फोडणं बंद." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खांद्याच्या ऑपरेशनला अजून वर्ष झालेलं नाही.

सगळा दोष आमच्या बारा बोअरचा. बाबांची बंदूक, धक्का असा देते की दात वाजतात. रेंजवर हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीने फोडायला शिकवणारा उदयसिंह म्हणाला, "काका, पंचवीस तारखेच्या स्पर्धेत लहान बोअरची वेगळी फेरी आहे. बंदूक क्लबची घ्या. काडतूस कोणतं ते तुम्ही ठरवा – अठ्ठावीस की चारशे दहा."

मी ठरवू? मला तर दोन भाज्यांतून एक ठरवता येत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

मला उदयसिंहशी फोनवर बोलताना फ्लोराने ऐकलं आणि भडकली. "डॉक्टर बारा नको म्हणाले, तर तुम्ही अठ्ठावीसवर गेलात? वर आणि चारशे दहा!"

समजावलं. बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. पूर्वी एक पौंड शिशात त्या नळीत बसणाऱ्या किती गोळ्या होतात ते मोजायचे. बारा झाल्या तर नळी जाड, अठ्ठावीस झाल्या तर बारीक.

"आणि चारशे दहा?"

"तो आकडा इंचाच्या हजाराव्या भागांचा. ती सगळ्यात बारीक."

"एकाचा हिशेब असा, दुसऱ्याचा तसा. बंदुका करणारे शाळेत गेले होते की नाही?"

मी सहावी पास. मग माझीच खात्री पटेना. उदयसिंहला पुन्हा फोन केला. "काका, किती वेळा विचारणार? अठ्ठावीस बारापेक्षा लहानच आहे, आणि उद्याही लहानच राहणार."

१५ जानेवारी

चारशे दहामध्ये छर्रे थोडे. हवेत पांगले की मधे भोकं राहतात आणि चकती त्यातून निसटते. अठ्ठावीसमध्ये छर्रे जास्त, पण धक्काही "थोडा" जास्त. थोडा म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही.

१८ जानेवारी, रविवार

दोन्ही वापरून पाहिली. चारशे दहा खांद्याला कळलंच नाही. चकत्यांनाही कळलं नाही. एकामागून एक साबूत जाऊन गवतात पडल्या. माझ्याबरोबर नोकरीत असलेला डॅनी बघायला आला होता. म्हणतो, "एलू, जाऊ दे त्यांना. त्यांनाही घरी पोरंबाळं असतील."

अठ्ठावीसने फोडल्या. बऱ्याच.

घरी फ्लोराने चष्मा लावून खांदा पाहिला. "गुलाबी आहे."

"गुलाबी म्हणजे काळा नव्हे."

"उद्या बघू."

१९ जानेवारी

काळा नाही!

२१ जानेवारी, बुधवार

वाटलं, संपलं. कुठलं काय. अठ्ठावीसमध्येही वेगवान आणि हळू अशी काडतुसं, आणि छर्ऱ्यांचे नंबर. उदयसिंह म्हणाला, "हळू घ्या, नऊ नंबर. चकती जवळूनच जाते, तिला जोर नको, दाणे जास्त लागतात." नऊचे छर्रे सातपेक्षा बारीक. फ्लोराला सांगितलं.

"इथेही उलटंच?"

"इथेही."

"मग बरोबर. तुमच्याच हाती शोभतं."

ठरलं. अठ्ठावीस बोअर, नऊ नंबर, हळू. मी ठरवलं.

२४ जानेवारी, शनिवार

शब्बाथ, आमचा शनिवारचा विसावा, संपल्यावर लिहितोय. दिवसभर ढगच बघत होतो. पाऊस आला तर? चष्म्यावर घाम आला तर? फ्लोरा भिंतीवरच्या, नवसाला पावणाऱ्या प्रेषित एलियाहू हन्नाबींच्या तसबिरीपुढे उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. काय मागितलंस, विचारलं. "ते माझं आणि त्यांचं."

२५ जानेवारी, रविवार

पंचवीसपैकी तेवीस. पहिला आलो.

फ्लोरा कानात कापूस घालून बसली होती – पहिल्यांदाच आली. पहिली चकती चुकली तेव्हा वाटलं, आता सगळ्याच जाणार. मग एक फुटली. काळी धूळच झाली तिची! त्यानंतर भीतीला जागाच राहिली नाही. चकती निघते, बंदूक तिच्याबरोबर वळते, तेवढ्यात घाबरायचं कधी? मधे आणखी एक सुटली, पण लगेच पुढची फोडली. आयुष्यभर मी बस चुकेल म्हणून तासभर आधी स्टँडवर जाऊन बसलो. तो माणूस आज मैदानात नव्हता.

डॅनी सगळ्यांना सांगत होता, "आमच्या ऑफिसातला आहे."

घरी येऊन मी स्वतःच शर्ट काढला. फ्लोराने बोटाने दाबून पाहिलं. बराच वेळ. "काही नाही," म्हणाली. आवाज जरा पडलेला वाटला. दमली असेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांची बारा बोअर कागदपत्रं करून परवानावाल्या दुकानदाराला देऊन टाकली. माझी बंदूक आता अठ्ठावीस, आणि ती क्लबातच राहते. बाबांची कपाटात नुसती पडून राहिली असती, आणि मी कुलूप लागलं का ते बघायला उठत राहिलो असतो. फ्लोराला आधी सांगितलं नव्हतं. रिकामं कपाट तिने दोनदा उघडून पाहिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

घरात मलिदा, एलियाहू हन्नाबींचा नवस फेडताना करतात तो. पोहे, खोबरं, गूळ, फळं, सगळं साग्रसंगीत. मी म्हटलं, माझ्या जिंकण्याचा नवस होता तर!

"छे. बंदूक घरातून जाऊ दे, असा होता." ताट माझ्यापुढे सरकवलं. "बंदूक जाऊ दे म्हटलं होतं. तुमचा नेम जाऊ दे असं नव्हतं म्हटलं. रविवारी किती वाजता निघायचंय आपल्याला?"