उद्या सुरू होणाऱ्या सिनेमाचा वारस

मी, अनार्गिरोस स्पिरिदोन व्लास्तोस, वय वर्षे एकाहत्तर, धंदा नट, पटकथालेखक आणि दिग्दर्शक, राहणार वोलोस, बंदराच्या रस्त्यावर स्तमातियाबाईंच्या खानावळीच्या माथ्यावर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सोमवारी सकाळी माझ्या नव्या सिनेमाचे चित्रीकरण सुरू होत आहे! डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप कामातून गेली, येत्या गुरुवारी अथेन्सला ऑपरेशन करून घ्या. मी म्हणतो, आधी सिनेमा. मध्येच मी आडवा झालो तर तो अर्धवट राहू नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

आमच्या कायद्याने स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. पण प्रेक्षकांशिवाय मी आयुष्यात काही केलेले नाही. तेव्हा स्तमातियाबाई आणि माझा जुना सहनट कोस्मास त्झावेलास या दोघांना समोर बसवले आहे. बाई खालून त्सिपुरो या कडक दारूच्या बाटल्या आणि प्रत्येक बाटलीमागे तळलेल्या मासळीची एक बशी आणत आहेत. त्यामुळे अक्षर पुढेपुढे बिघडले तर माझ्या बुद्धीवर संशय घेऊ नये.

कलम १. राहते घर आणि त्यातले सर्व सामान माझी एकुलती एक मुलगी देस्पिना हिला मिळावे. भाडेकरू ठेवायचा झाल्यास नट ठेवू नये. आम्ही लोक मोठ्याने घोकतो आणि शेजाऱ्यांना वाटते घरात खून पडला.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सिनेमाच्या मंडळींच्या जेवणावर खर्च करावे. जेवणात कंजुषी केली म्हणून दिवेवाले रुसले आणि माझे दोन सिनेमे काळोखात गेले, हे सगळा ग्रीस जाणतो.

कलम ३. रंगभूषेची पेटी, दोन टोप आणि जनरलची तलवार कोस्मासला द्यावी. शिवाय दर नव्या वर्षाला त्याच्या दारात संत्र्यांची एक करंडी ठेवावी. कारण असे, की फिरत्या नाटक कंपनीत मी नाटकातल्या आईच्या प्रेतावर रडत असताना हा गृहस्थ माझ्या पाठीमागे बसून संत्रे सोलायचा. सावकाश, एका सालीत. लोक माझे अश्रू सोडून ती साल तुटते का ते बघत बसायचे.

हे वाचून दाखवल्यावर कोस्मास म्हणाला, "अरे, तू इतका वेळ रडायचास की भूक लागायची मला!"

"वर्षानुवर्षं?"

"रडणं तेच होतं ना, वर्षानुवर्षं. संत्री तरी बदलायची."

मी त्याला माफ केलेले नाही, याची नोंद व्हावी.

कलम ४. ज्या समीक्षकाने मला "रंगमंचावरचे सर्वांत बोलके फर्निचर" म्हटले, त्यास माझी बसायची खुर्ची द्यावी. तिचा एक पाय हलतो. दुरुस्त करू नये.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

सिनेमा माझी दिवंगत पत्नी एव्हांथिया हिच्यावर आहे. ती आमच्या कंपनीत प्रॉम्प्टर होती. गाव बदलले की नाटक बदले, पाठांतराला वेळ कोणाला? रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फळ्यांखालच्या पेटीत बसून ती प्रत्येक वाक्य हळूच सांगायची आणि आम्ही ते गर्जून म्हणायचो. पेटीतून आले की म्हणायचे, डोके चालवायचे नाही, अशी आमची शिस्त. कार्दित्साला मी जनरल झालो होतो. शत्रू वेशीवर, हातात तलवार, थिएटर चिडीचूप. पेटीतून शब्द आले आणि मी तलवार उपसून गरजलो, "अगं आई गं, कळा सुरू झाल्या!"

मग शत्रूचा सेनापती असलेला कोस्मास, तोही शिस्तीचाच, ओरडला, "सुईणीला बोलवा, लवकर!" कारण पेटीतून तेच आले होते. लोक खुर्च्यांवरून खाली पडले. पडदा पाडला, एव्हांथियाला फळ्यांखालून वर घेतले आणि तिथेच, पडद्यामागे, देस्पिना जन्मली. दुसऱ्या दिवशी अख्खे गाव तेच नाटक पुन्हा मागत आले. मालक म्हणाला, असले आणखी लिही. मी लेखक झालो तो तसा. लिहिलेले दुसरे बिघडवतात म्हणून पुढे दिग्दर्शक झालो. माझे सारे नाव त्या एका वाक्यावर उभे आहे आणि ते वाक्य माझे नव्हते. ज्या बाईचे होते तिचे नाव एकाही जाहिरातीत छापले गेले नाही. म्हणून हा सिनेमा पुरा झालाच पाहिजे.

सदर सिनेमाची पटकथा, सर्व हक्क आणि दिग्दर्शन ~~माझ्या मृत्यूनंतर~~ देस्पिनाकडे जावे. तिने माझ्या सूचना तंतोतंत पाळाव्यात. सूचना सोबत जोडल्या आहेत.

एवढे लिहून होते तोच देस्पिना अथेन्सच्या बसमधून उतरून थेट वर आली. ती तिकडे जाहिरातींचे संकलन करते. बॅग खाली न ठेवताच तिने माझ्या खांद्यावरून सगळे वाचले.

"बाबा, हे मेल्यावर कशाला? आत्ता द्या."

"आत्ता मी जिवंत आहे, पोरी."

"तेच म्हणतेय मी. गुरुवारी तुम्ही ऑपरेशनला जायचं. तरुणपणीचे प्रसंग तोवर मी घेते. म्हाताऱ्याचं काम तुमचं, ते शरदात, बरे झालात की. मंडळी तयार आहेत, कालच बोलले मी सगळ्यांशी."

"माझ्या पाठीमागे?"

"कोस्मासकाकांकडून शिकले."

कोस्मासने मासळीत तोंड घातले. मी उठून ओरडलो, की कार्दित्साचा प्रसंग माझ्याशिवाय कोणी घेऊ शकत नाही, तो माझ्या डोळ्यांपुढे शॉट बाय शॉट उभा आहे.

"तुमच्या डोळ्यांपुढे ना? मला सांगा, कॅमेरा कुठे लावलाय?"

"प्रेक्षागृहात. मग जनरलच्या चेहऱ्यावर."

"सिनेमा कोणावर आहे, बाबा?" तिचा आवाज चढला. "आई खाली वाकून बसली होती, पोटात मी. तिला दिसत होते तुमचे बूट आणि वरच्या फळ्या. वर लोक हसतायत आणि तिला कळेना का हसतायत. कॅमेरा पेटीत हवा."

मी मटकन खाली बसलो. स्तमातियाबाई घाबरून म्हणाल्या, "अनार्गिरोसभाऊ, डॉक्टरला बोलवू का?" मी नकारार्थी मान हलवली. मला तो शॉट दिसत होता! बूट, फळ्यांतून गळणारी धूळ, एव्हांथियाचा घामेजलेला चेहरा आणि वरून कुठून तरी माझा मूर्ख आवाज. एवढ्या वर्षांत मला तो सुचला नव्हता. हेवा वाटला, मग इतका आनंद झाला की मी टेबलावर मूठ आपटली आणि बशी फुटली.

सबब, जोडलेल्या सूचना मी फाडून टाकल्या आहेत. गुरुवारी मी अथेन्सला जाईन. कलम ५ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी स्वतः, राजीखुशीने खोडले आहेत. खोडाखोड माझ्याच हातची समजावी.

वोलोस, रविवार, १२ मे १९९१

(सही) अनार्गिरोस व्लास्तोस, नट

साक्षीदार:
(सही) कोस्मास त्झावेलास
(सही) स्तमातिया गुर्गिओती