नव्या गाडीचा डायनॅमो

यवतमाळ, ता. ७-२-१९६२

चि. धर्मपाल यास उकंडाचा आशीर्वाद व जयभीम. वि. वि. इकडे तुझी वहिनी सत्यभामा अन् पुतणी नलू खुशाल आहेत. पाच महिन्यांत तुझं एक कार्ड नाही. नागपूरच्या गॅरेजात मोठा मेकॅनिक झाला म्हणे, पेनात शाई भराले फुरसत नसन.

सदाशिवराव मालकानं मी चालवाचो ती जुनी डॉज विकून नवी अमेरिकन गाडी घेतली. तिची बॅटरी उतरून राह्यली. डायनॅमोचा पट्टा डॉजएवढाच ताणला, तरी तेच. खोललं तं आत आपला डायनॅमोच नाही, नुसत्या दोन गुळगुळीत कड्या. जोडल्यावर नेहमीसारखी बॅटरीची तार लावून ठिणगी देऊ का? त्याबिगर डायनॅमो चार्ज करत नाही, हे मीच तुले शिकवलं. पन हे काही वेगळंच दिसते.

अठरा तारखेले मालकाची लेक कोकिळाबाई, तिचं लगन. वरात ह्याच गाडीतून. गाडी बंद पडली तं नोकरी गेली, अन् नोकरीसंगं जिनिंगातली खोलीही, असं मालकानं तोंडावर सांगितलं. उत्तर लवकर दे.

तुझा दादा

नागपूर, ता. ११-२-१९६२

ती. दादास धर्मपालचा सादर जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. उस्तादानं चेल्याला विचारावं, हे ऐकून इथली मंडळी फार हसली. मालकासमोर तुम्ही मला गाढव म्हणायचे, पान्यानं बोटं ठेचायचे. माझी तक्रार नाही, त्यामुळेच हात बसला.

त्या वस्तूला अल्टरनेटर म्हणतात. नाव नवं, काम तेच. खुशाल ठिणगी द्या, अन् तार जरा जास्त वेळ धरा. मालक जवळ असताना द्या, त्यांनाही तुमची कारागिरी दिसू द्या. नलूला पापा. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

आपला धर्मपाल

यवतमाळ, ता. २०-२-१९६२

धर्मपाल भाऊजींस सत्यभामाचा जयभीम. वि. वि. काय लिहू. वरातीच्या सकाळी मालकासमोर यांनी तार लावली, तं आतून धूर निघाला. तरी गाडी कशीबशी निघाली अन् भर चौकात बंद पडली. मालकानं यांना एकट्यालेच मांडवापर्यंत ढकलाले लावली. आत नवरी, मागं हे, अन् दोन्हीकडचे वऱ्हाडी हसून राह्यले. मांडवाच्या दारात मालकानं किल्ली हिसकली अन् खोली सोडाले सांगितलं.

हे दोन दिवस जेवले नाहीत. तुमच्या गॅरेजात यांना घेतील का? झाडझुडीचं काम असलं तरी चालन. तुमच्याशिवाय आम्हाले कोण आहे?

सत्यभामा

नागपूर, ता. २४-२-१९६२

ती. दादा व वहिनी यांस सा. जयभीम. वि. वि. इथं जागा नाही. मीही गॅरेज सोडतो आहे. नव्या गाडीला नवा माणूस लागेल, असं सदाशिवरावांना मी अकरा तारखेलाच लिहिलं होतं. त्यांनी बोलावलं आहे.

आता सांगायला हरकत नाही. अल्टरनेटरला ठिणगी द्यायची नसते, आतले डायोड जळतात. डॉजपेक्षा त्याला पट्टा ताठ लागतो. तुमचं पत्र वाचलं तेव्हाच समजलं होतं. दोन नट आवळले असते तर वरात थाटात गेली असती.

एक तारखेला सकाळच्या एस.टी.नं येतो. खोली रिकामी असावी. झाडून ठेवली तर बरं.

धर्मपाल

यवतमाळ, ता. २७-२-१९६२

धर्मपाल,

खोली झाडली. किल्ली मुनीमापाशी आहे. आम्ही घाटंजीले सत्यभामाच्या भावाकडं चाललो, तिथं वावरात मजुरी भेटन.

मी तुले मारलं, ते खरं. माझ्या उस्तादानं माझीही बोटं तशीच ठेचली होती, मले वाटे असंच शिकवतात. चुकलो. पन ते माझ्यापासून वसूल कराचं होतं. नलूनं तुझं काय केलं?

मांडवात मालकानं चार लोकांत इचारलं, तार लावाले कोणं सांगितलं. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. दाखवलं असतं तं मालकानं गॅरेजात कळवून तुझीही नोकरी घालवली असती, अन् आज तुले फाटकाच्या आत घेतलं नसतं. दोघंही रस्त्यावर कायले, म्हणून गप राह्यलो. तवा मले वाटलं होतं, तूही चुकलाच असशीन.

आता तुझी दोन्ही पत्रं नलूनं वाचली. काकाले तुझा जयभीम लिहू का म्हणून इचारलं, तं नको म्हणाली.

लोभ होता.

उकंडा